हळदीच्या घरातला झटका

१

गुणाबाईने कूलरच्या पत्र्याला हात लावला आणि ती जी उडाली, ती थेट गाद्यांच्या ढिगावर जाऊन पडली. बायकांना आधी वाटलं, हिच्या अंगात आलं. एकीने लगबगीने कुंकवाचा करंडा आणला, दुसरीने पायावर पाणी घातलं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की घरातले पंखेही त्याच वेळी थांबले आहेत. देवाचं वारं असतं तर पंखे कशाला थांबतील?

धसईच्या अलीकडच्या त्या गावात देवरामाच्या घरी हळद होती. धाकटी लेक कुणाली हिचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलेलं. गुणाबाई ही देवरामाची थोरली बहीण. गावची पोलीस पाटील देवकी हळदीलाच निघाली होती. ती चोळीचा खण घेऊन आली आणि दारातच तिला तपासाचं काम लागलं.

"बऱ्या हाव ना आत्या?" तिने विचारलं.

"बरी कसली? माझा हात असा धरून ठेवला मेल्यानं, सोडीचना."

"कुणी गो?"

"करंटानं." गुणाबाईने तिसरा चहा तोंडाला लावला. पहिल्या चहाला, तिच्या सांगण्यात, ती हातभर उडाली होती. तिसऱ्यापर्यंत तिने आढ्याला शिवून घेतलं होतं.

पण देवराम हसत नव्हता. मांडवाच्या लाइटी लावणारा साईनाथ, ज्याचं धसईला विजेचं दुकान आहे, तो भिंतीपाशी उकिडवा बसून होता. बोर्डापासून एक नळी जोत्यापर्यंत खाली आली होती. तिच्या तोंडातून जी तार जमिनीत जायला हवी, ती तिथेच कापलेली होती.

"ही बघा गंमत," साईनाथ म्हणाला. "हिरवी तार म्हंजे अर्थिंग. यंत्राच्या पत्र्यात करंट गळला की ती त्याला जमिनीत नेऊन सोडते. ती नसली तर करंट पत्र्यात दबा धरून बसतो, कुणाचा हात लागतोय म्हणून. तांब्याची तार हाये. गेली."

"गेली म्हंजे? तारेला काय पाय असतात?"

"पाय असतात, पाटीलबाई. वाडीवरनं खाली येतात आन् वाडीवर जातात."

सगळ्यांच्या तोंडात एकच नाव आलं. अनंता.

गेल्या पावसाळ्यात एका घरी ओल्या भिंतीतून शॉक लागून बैल गेला, तेव्हापासून गावाने ठरवलं होतं की पाऊस पडायच्या आत घराघरातला, दुकानातला बोर्ड तपासून घ्यायचा. मुरबाडला आयटीआय शिकून आलेला, डोंगरावरच्या वाडीतला अनंता याला ते काम दिलं. वाडीवरच्या पोराला गावाने आपल्या घरात शिरून बोर्ड उघडू द्यावा, ही पहिलीच वेळ. देवराम तेव्हा का-कू करत होता, पण शेवटी त्यानेही होकार दिला होता.

"उद्या वऱ्हाड यायच्या आत मला कळलं पायजे," देवराम आता म्हणाला. "नायतर त्याचा पाय या गावात पडायचा नाय. आन् वाडीवरल्या कुणाला परत बोर्डाला हात लावू देणार नाय. मी एकटा नाय, सगळा गाव बोलतोय."

देवकीने अनंताला फोन लावला. फोन बंद होता.

"पळाला," कुणीतरी मागून म्हणालं.

२

देवकीला विजेतलं काही कळत नव्हतं. पण माणसं काय बोलतात आणि बोलताना कुठे बघतात, हे तिला कळायचं. तिने आधी तारेचं टोक बघितलं. तिरका घाव, एकाच फटक्यात. कोयत्याचा. पण लग्नघरात कोयता कुणाच्या हातात नसतो? आंब्याचे टाळे, म्हणजे डहाळ्या, तोडायला, नारळ सोलायला, वेळू तासायला अंगणात ठिकठिकाणी कोयतेच पडले होते.

"खड्डा कुठं हाये? तार ज्यात जाते तो?"

कुणाला सांगता येईना. अनंता तपासायला आला त्या दिवशी देवराम बस्त्याला मुरबाडला गेला होता. बायका मागच्या पडवीत पापड लाटत होत्या. आणि आता सगळं अंगण शेणाने सारवून गुळगुळीत केलेलं. कुठे काय पुरलंय, याचा मागमूस नव्हता.

"खड्डाच नव्हता," साईनाथ म्हणाला. "नुसती तार खोचली आसंल मातीत. कोण बघतोय?"

मांडवाच्या दाराशी मुहूर्तमेढ उभी होती. उंबराची फांदी, तिला परवा बांधलेले आंब्याचे आणि उंबराचे टाळे. वैशाखाच्या उन्हाने ते करपून पार तपकिरी झाले होते. तिच्या बुडाशी दोन शेळ्या माना खाली घालून उभ्या होत्या. गुणाबाईची नात केरसुणी घेऊन धावली.

"मेल्या कालधरून इथंच मरतात. मेढीची पानं खातील."

शेळ्या पळाल्या आणि वळसा घेऊन पुन्हा तिथेच आल्या. देवकीने बघितलं आणि सोडून दिलं. शेळीच ती.

तिचं लक्ष साईनाथच्या पिशवीकडे होतं. ती पिशवी तो उगाचच पायाआड सरकवत होता.

"काय हाये रे त्यात?"

"सामान. लायटिंगचं."

देवकीने पिशवीचं तोंड उघडलं. वरच्या माळा बाजूला सारल्या आणि खालून गुंडाळी बाहेर काढली. हिरव्या तारेची.

३

देवरामाने बाह्या वर केल्या.

"थांबा," देवकी म्हणाली. तिने तार बोटातून फिरवली, पदराला पुसली. पदर स्वच्छ राहिला. "मातीत निजलेली तार अशी लखलखत नाय. ही कोरी हाये. पण साईनाथ, तू ही लपवत का होतास?"

साईनाथने मान खाजवली. "काय सांगू? सकाळी झटक्याचं ऐकलं तवाच दुकानातनं उचलली. म्हटलं, आज मी तार टाकून दिली की उद्या गाव बोलंल, साईनाथला द्या ते तपासायचं काम. मनात खोट होती, नाय म्हणत नाय. पण तार मी नाय तोडली. माझ्या लाइटी लागल्यात या मांडवात. माझ्याच माळांना हात लावून कोण मेलं तर मला कोण सोडंल?"

ते देवकीला पटलं. खोटं बोलणारा माणूस आपली खोट आधी स्वतःहून सांगत नाही.

मग नवसू. मांडवाचे खांब रोवणारा नवसू बिडी विझवून स्वतःच पुढे आला.

"आता माझीच पाळी. मागं एकदा पंपाची मोडकी पट्टी भंगारात दिली, तवापासनं गावात खिळा हरवला तरी माझ्या घरात शोधतात."

"तू खड्डे खणलेस ना अंगणात?"

"खांबांचे खणले, बाहेरच्या अंगाला. घामाच्या धारा लागल्या. जमीन नाय ती, कातळ. मेढीचा मात्र माझा नाय. ती या घरात जावयानं पुरायची रीत."

त्यावर बायका खुदखुदल्या. थोरला जावई शेखर शहापूरला शिंप्याचं दुकान चालवायचा. दंड सुईदोऱ्याला पुरे, पहारीला नाही.

"दाजी पहार हाणत व्हते की बखिया घालत व्हते, तेच कळंना," कुणालीची मैत्रीण म्हणाली. "नुसतं ठणठण, ठणठण."

"हसा," नवसू म्हणाला. "पण आमी जेवून आलो तो खड्डा तयार. हातभर खोल. पहिली जागा सोडून जरा बाजूला, पण झकास. मीच म्हटलं, दाजी, कमाल केलीत."

शेखर पडवीत बसून नवरीच्या चोळीला हूक लावत होता. उजव्या तळव्यावर पट्टी होती. त्याने मान वर केली नाही. सुई मात्र बोटात घुसली आणि त्याने बोट तोंडात घातलं.

देवकी हसली. शिंप्याच्या हाताला फोड, त्यात काय नवल? मग तिने स्कूटीला किक मारली. अनंता पळाला की नाही, हे त्याच्या घरीच कळणार होतं.

४

वाडीवर मीना, म्हणजे अनंताची बायको, करवंदं निवडत बसली होती. तिने देवकीला बघून पाट दिला, पाणी दिलं, आणि विषय निघताच हातातली पाटी खाली आपटली.

"पळाला? माझा नवरा? पाटीलबाय, तो टोकावड्याच्या ढाब्यांवर गेलाय बोर्ड बघाया. फोन काल वझऱ्याच्या पाण्यात पडला. पळायचा असता तं मिठाचा डबा परत घेऊन पळाला असता."

"मीठ कसलं?"

"इचारा त्याला. पावसाळ्यासाठी मीठ भरून ठेवलं व्हतं मी, सुकटीला, लोणच्याला. ह्यानं अर्ध्याच्या वर नेलं. म्हणं खड्ड्यात घालाया लागतं. मीठ आन् पाणी घातलं का माती ओली राहाते, मंग करंट बरा उतरतो खाली. मी बोलली, गावाचं मीठ गावाकडनं घे. तर म्हणं, मागायला लाज वाटते." तिने डोळे पुसले आणि लगेच हसली. "गावभर मीठ पेरलं माणसानं. जसं काय भात उगवणार."

देवकीच्या हातातला तांब्या अर्ध्यावर थांबला.

"देवरामाच्या अंगणातही?"

"तितं तं घमेलंभर. लग्नघर हाये, माणसं जास्त येतील म्हणून. वर चार हंडे पाणी."

म्हणजे खड्डा होता. साईनाथचं म्हणणं चुकलं. वैशाखात सगळ्या अंगणाचा कातळ झालेला, आणि त्यात एकच जागा अशी की जिथली माती मऊ, ओली. आणि खारट.

"मीना," देवकी उठत म्हणाली, "शेळीला सगळ्यात काय आवडतं गो?"

"पाला."

"आन् पाल्याच्या वर?"

मीना तिच्याकडे बघतच राहिली. देवकी तोवर उतरणीला लागली होती. जाताना तिने हमरस्त्यावरच्या ओळखीच्या ढाब्याला फोन केला: अनंता दिसला की तसाच देवरामाकडे पाठवा.

५

ती मांडवात शिरली तेव्हा उन्हं कलली होती. शेळ्या मेढीशीच होत्या. या वेळी देवकीने त्यांना हाकललं नाही. वाकून बघितलं.

वर पानं लोंबत होती. एकीनेही पानाला तोंड लावलं नव्हतं. दोघी मेढीच्या बुडातली माती चाटत होत्या, गायीने वासराला चाटावं तशा मन लावून.

देवकीने बोट मातीला लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट.

तर मेढ उभी होती ती अर्थिंगच्या खड्ड्यात. आता एवढंच करायचं राहिलं होतं की मेढ उपटायची आणि खाली बघायचं. पण पुरलेली मेढ लग्न लागल्याशिवाय हलवायची नाही. ती हलवली तर नवरीच्या जन्माचं काहीतरी हलतं, असं मानणारी माणसं इथे होती आणि देवकी त्यांतलीच एक. तार खाली असेल का? की वर कुठे?

ती मेढीसमोर गुडघ्यावर बसली. आंब्याची पानं करपलेली, उंबराची करपलेली, वर बांधलेली झेंडूची माळही मलूल. सगळं कसं वैशाखाच्या रंगाचं झालेलं. आणि त्या सगळ्या सुकल्या पसाऱ्यात, टाळ्यांच्या देठांवर, एक आवळलेली वेल मात्र अजून हिरवीगार होती.

वेल दोन दिवसांत सुकत नाही का?

देवकीने पानं बाजूला केली. ती वेल नव्हती. ती हिरवी तार होती. पानं ओली असताना पानांत पान होऊन लपली होती. पानं सुकली आणि ती उघडी पडली. तिच्या सालीच्या चिरेत मातीचा थर बसलेला होता, चिमटीत घेतला तर चरचरला.

पण गुंडाळणी वेगळीच होती. नवसूने बांधली असती तर दोन वेढे आणि एक गाठ. इथे वळसे एकाला एक चिकटून, सारखे, घट्ट, आणि टोक आत दडवलेलं. तिने आपल्या पोलक्याच्या बटणाकडे बघितलं. बटणाखाली दोरा असाच गुंडाळलेला होता. शहापुरातल्या दुकानातून शिवून आणलेलं पोलकं ते.

६

"शेखरराव, जरा मागं या. माझं एक बटण सुटलंय."

गोठ्यामागे आल्यावर देवकीने बटणाचा विषय काढलाच नाही. शेखरलाच राहवेना.

"मला वाटलं जुनी तार हाये. मागच्या मांडवाची राहिलेली, लायटिंगची. देवाशप्पत." तो खाली बसला. "पहिल्या जागी पहार जाईना. हाताला फोड आले. सगळे हसत जेवायला गेले. मी पहार अशीच बाजूला टेकवली तर ती लोण्यात गेल्यासारखी आत गेली. मला वाटलं, देव पावला. तार आडवी आली, ओढली तर खालनं निघाली. भिंतीकडून कोयत्यानं तोडली. काथ्या संपला होता, म्हणून टाळे तिनंच बांधले."

"आन् आत्या उडाल्या तवा?"

"तवा कळलं." त्याचा आवाज बारीक झाला. "बोलणार होतो. पण सगळा मांडव, सासरची माणसं. जावई म्हणून मेढ पुरायचा मान दिला, आन् मीच..."

"मान तुमचा, म्हणून चोर अनंता?"

शेखर हातावरची पट्टी चाचपत राहिला.

"मी मांडवात जाऊन सांगीन तर तुमची अब्रू जाईल. तुमी सांगाल तर थोडी राहील. वाडीवरल्या माणसाला गावानं पहिल्यांदा दारातनं आत घेतलंय. ते दार आज बंद झालं तर परत तुमच्या-माझ्या हयातीत उघडायचं नाय."

शेखर उठला. पट्टी बांधलेल्या हाताने त्याने तोंड पुसलं आणि मांडवाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. हळदीची गाणी थांबली.

"तार मी तोडली," तो म्हणाला. "अनंतानं नाय. ती बघा, मेढीलाच हाये." आणि त्याने सगळं सांगितलं, मऊ मातीपासून काथ्यापर्यंत. मिठाचं आणि शेळ्यांचं देवकीने सांगितलं.

देवराम तणतणत उठला आणि तसाच खाली बसला. जावयावर ओरडता येत नाही, आणि ओरडल्याशिवाय राहवत नाही. तेवढ्यात गुणाबाई गाद्यांवरून खदखदून हसली.

"जावयानं आतेसासूला उडवलं म्हंजे मानपान बरोबर झाला. त्या शेळ्यांना पुरण घाला आधी. माझ्याहून शानी निघाल्या."

मांडव फुटल्यासारखा हसला. शेखरही हसला, पण डोळ्यांत पाणी आणून.

दिवेलागणीच्या आधी अनंता आला. वाटेत त्याला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. तो दाराबाहेरच थांबला.

"आत्या बऱ्या हायेत ना?"

देवराम उठला. त्याने स्वतः तांब्या भरून अनंताच्या हातात दिला, पाय धुवायला. "आत ये रे," एवढंच म्हणाला. पण गावात कुणाला पाय धुवायला पाणी कोण देतो हे सगळ्यांना कळतं, त्यामुळे देवरामाने माफी मागितली हे एवढ्यावरच समजलं.

"मेढ काढावी लागेल का?" कुणालीने घाबरत विचारलं.

"नाय गो. अर्थिंगचा पाइप खालीच हाये, दाजींनी बाजूनंच खणलंय. मेढीच्या अंगानं तार सोडतो." अनंता शेखरकडे वळला. "चूक माझी पण हाये. खड्ड्यावर खूण ठेवाया पायजे व्हती. नुसतं कौल ठेवलं, ते झाडलोटीत गेलं."

साईनाथने आपली कोरी गुंडाळी न मागता काढून दिली आणि पकड घेऊन अनंताच्या शेजारी बसला. दोघांनी तार पाइपाला जोडली, वरून हंडाभर पाणी घातलं. मग अनंताने सगळ्यांना लांब उभं केलं आणि तोच कूलर पुन्हा लावला. बटण दाबताच बोर्डावरचा खटका फट्दिशी खाली आला. पत्र्याला कुणाचं बोटही लागलं नव्हतं.

"सकाळी पण खटका पडला व्हता," अनंता म्हणाला, "पण आत्याचा हात लागल्यावर. करंटाला दुसरी वाटच नव्हती. आता तार हाये, हाताची वाट बघत नाय."

"म्हंजे सकाळी तो पडला नसता तर?" गुणाबाईने विचारलं.

अनंताने कूलरची पिन काढली. देवराम मान खाली घालून बसला. तो खटका बसवायला अनंताने तपासणीच्या आधी त्याच्या किती विनवण्या केल्या होत्या, ते त्याला आठवलं असावं. कूलर त्याच पावली गोठ्यामागे गेला, कोंबड्यांना बसायला. हळद लागली. पहिल्या पंगतीला अनंता आणि वाडीवरून बोलावून आणलेली मीना बसली, आणि शेखरने पंगत वाढली. मीनाच्या पानात त्याने मीठ वाढलं तेव्हा ती म्हणाली, "जरा जास्त वाढा दाजी, आमचं सगळं तुमच्या अंगणात गेलंय."

लग्न झालं, मेढ रीतीप्रमाणे निघाली, पाऊसही आला आणि गेला. पण त्या घरात एक नवी रीत राहिली. वैशाख लागला की अनंता बोर्ड तपासायला येतो, आणि त्याच दिवशी शहापूरहून शेखर येतो, हातात मिठाची पुडकी घेऊन. खड्ड्यावर आता विटांचा चौकोन आहे. एक जावई मीठ घालतो, दुसरा, म्हणजे कुणालीचा नवरा, हंडे ओततो. मेढ पुरायचा मान जसा जावयाचा, तसा खड्डा भिजवायचाही. गावात आणखी दोन-चार घरांनी ही रीत उचलली आहे, आणि मांडव घालायच्या आधी लोक एकमेकांना विचारतात, "अर्थिंग कुठं हाये रे?"

देवकी जमलं तर तेव्हा चहाला येते. गुणाबाई ओट्यावर बसून देखरेख करते. गेल्या खेपेला शेखरने मीठ ओतायला पुडकं फोडलं, तोच तिने हात वर केला.

"थांबा जावई. आधी शेळ्या बांधा."